इंदा कोण?

रात्री सव्वाअकराला फोन वाजला की आमच्या घरात दोनच शक्यता असतात. एक तर नात्यातलं कुणीतरी गेलं, नाहीतर कुणाचा तरी फॉन्ट गेला. चार्जरची वायर आखूड असल्यामुळे मी फोन स्पीकरवर टाकला. पलीकडून एक अनोळखी, घोगरा आवाज गंभीरपणे म्हणाला, "सर, इंदा कोण?"

शेजारी गाढ झोपलेली बायको ताडकन उठून बसली. उत्तरात आता तिलाही रस होता.

"कोण इंदा?"

"तेच विचारतोय. आमच्या मंडळाचे चार हजार तीनशे बारा रुपये तिच्याकडे आहेत असं तुमचा कॉम्प्युटर म्हणतोय."

हे प्रकरण नीट सांगायचं तर १९८९ पर्यंत मागे जावं लागेल. दहावीची परीक्षा झाली आणि वडिलांनी मला साताऱ्यात टायपिंगच्या क्लासला घालायचं ठरवलं. मराठी तीस, इंग्रजी चाळीस, मग पोर कुठेही चिकटेल, असा त्यांचा हिशोब. मी हट्ट धरला की टायपिंग नको, कॉम्प्युटर. हा हट्ट मला वीसेक वर्षांनी फार महागात पडला, पण ते पुढे.

क्लासमध्ये चपला बाहेर काढून जावं लागे. आत एसी, जाड पडदे आणि तीन मशीन. एका मशीनवर तिघं. त्यातला एक जण टाइप करणार, दुसरा चुका काढणार आणि तिसरा एसीची हवा खाणार. सव्वापाच इंची फ्लॉपीत ३६० केबी मावायचं आणि ते आयुष्यभर पुरेल असं सरांचं मत होतं. भाषा जीडब्ल्यू-बेसिक. प्रत्येक ओळीला नंबर द्यायचा, तोही १०, २०, ३० असा. मधले आकडे मोकळे ठेवायचे, कारण मागाहून अक्कल सुचली तर तिला बसायला जागा हवी. ही सोय माणसांच्या आयुष्यात का नाही, हा प्रश्न मला तेव्हापासून पडलेला आहे.

माझा पहिला प्रोग्रॅम घरच्या दुधाच्या हिशोबाचा. घरी मशीन नव्हतं, म्हणून आईची दुधाची वही दप्तरात घालून क्लासला न्यायचो. मशीन विचारायचं, आज किती लिटर? मी वहीतल्यासारखंच, पण इंग्रजी अक्षरांत, 'दीड' लिहिलं. मशीन म्हणालं, "रीडू फ्रॉम स्टार्ट." आकडा मागितल्यावर शब्द दिला की ते असंच म्हणतं. मी 'दीड लिटर' लिहिलं. रीडू फ्रॉम स्टार्ट. सर आले, दीडचं १.५ केलं, आणि महिन्याचं बिल स्क्रीनवर उमटलं. मी ते कागदावर उतरवून घरी नेलं. वडिलांनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाले, "हे वहीत होतंच की." तरी मला नाद लागला तो लागलाच.

पुढे पतसंस्थेत कारकून झालो. तिथली वर्षं भराभर ओलांडूया. घरी जोडून घेतलेलं मशीन आलं, इंटरनेट आलं, आणि २००७ च्या सुमारास मामांच्या एका मित्राचा इस्लामपूरहून निरोप आला की मुलाने अमेरिकेतून पाठवलेल्या मराठी ईमेलमध्ये नुसते चौकोन दिसतात. विंडोज एक्सपीत देवनागरी होती, पण झोपलेली. सेटिंगमध्ये एका चौकटीत टिकमार्क करायचा, मग ते विंडोजची सीडी मागायचं. ही सीडी घरात कुणाकडेच नसायची. ती मशीन जोडून देणाऱ्याकडे असायची आणि तो पुण्याला गेलेला असायचा. चार दिवसांनी सीडी मिळाली. रात्री त्या काकांचा मला ईमेल आला, एकाच शब्दाचा: "दिसलं!"

खरं सांगतो, पगारवाढीनेही कधी इतकं बरं वाटलं नव्हतं. काकांनाही वाटलं असावं, कारण त्यांनी माझा ईमेल पत्ता गावभर वाटला.

मग रांग लागली. "सर, फाइल सापडत नाही." कुठे ठेवली होती? "वर्डमध्ये." वर्डमध्ये कुठे? "आत." एका मुख्याध्यापकांनी प्रश्नपत्रिकेतल्या चुका मला दिसाव्यात म्हणून स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढला, तो प्रिंट केला, स्कॅन केला आणि पाठवला. फोटोत प्रश्नपत्रिका नव्हती, फ्लॅशचा पांढरा गोळा होता.

पण सगळ्यात मोठं दुखणं जुन्या फॉन्टचं. कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये मराठी दिसते खरी, पण मशीनच्या पोटात इंग्रजी अक्षरंच असतात. डीचं चित्र 'क'सारखं काढलेलं, केचं चित्र कान्याचं. फॉन्ट काढला की सगळा मजकूर उघडा पडतो. प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा नंबर देणारं युनिकोड १९९१ मध्येच आलं, त्यात देवनागरीला १२८ जागांची स्वतंत्र आळी मिळाली, पण वीस वर्षांचे अहवाल, पत्रिका, इतिवृत्तं सगळी जुन्या घरात. ती नव्या घरात हलवायला मी वर्डचा मॅक्रो, म्हणजे वर्डच्या आतच चालणारा छोटा प्रोग्रॅम, लिहायला घेतला. आणि हे फॉन्ट बेतलेले कशावर? रेमिंग्टन टाइपरायटरवर. ज्या क्लासला मी गेलो नाही, त्याचा अख्खा कीबोर्ड मला सदतिसाव्या वर्षी पाठ करावा लागला. वडील तेव्हा हयात होते. काही बोलले नाहीत, नुसते बघत उभे राहिले.

मला वाटलं होतं, इकडचं अक्षर काढायचं, तिकडचं घालायचं, झालं. मी पहिल्याच फटक्यात सगळ्या केंचे काने केले. पण ख, घ, ण, थ, ध, भ, श, ष या सगळ्यांची उभी दांडी तोच के असतो. सगळ्यांचे पाय सुटले. चाचणीला मंडळाचा अहवाल होता आणि त्यात नेमका 'गणेश'च लंगडा झाला. मग मोठे तुकडे आधी, सुटी अक्षरं नंतर, असा क्रम लावला.

पुढची पीडा पहिल्या वेलांटीची. टाइपरायटर डोळ्यांनी लिहितो, युनिकोड तोंडाने. 'किती'मध्ये टायपिस्ट आधी वेलांटी मारतो, मग क. युनिकोडमध्ये आधी क, मग वेलांटी. मी वेलांटी एक घर पुढे सरकवली, 'किती' जमलं, 'स्थिती' मोडली, कारण तिथे अर्धा स ओलांडून जायचं असतं. रफाराचं याच्या उलट. तो टाइप होतो शेवटी, पण न्यायचा अक्षराच्या आधी. मी एक घर मागे नेला. 'वर्गणी' चोख आली. 'मूर्ती'त मात्र रफार वेलांटीवरून उडी मारून तिथेच अडकला आणि शब्दाची पहिली दोनच अक्षरं शाबूत राहिली. ती मी इथे लिहीत नाही. समोर गणपतीचा फोटो होता. मंडळाची वर्गणी शाबूत आणि मूर्तीची ही अवस्था, यावर आमच्या चिरंजीवांनी जे भाष्य केलं तेही लिहीत नाही.

तीन आठवड्यांनी सगळं सुधारलं. 'आचाऱ्यांचे मानधन' हे 'आचार्यांचे' झालं नाही ना, हेसुद्धा तपासलं, कारण महाप्रसादाचे पैसे विद्वानांना गेले तर मंडळात रणकंदन व्हायचं. अहवाल खजिनदारांना पाठवला आणि समाधानाने झोपलो.

आणि सव्वाअकराला इंदा आली.

मी मशीन लावलं. बायको चहा न विचारता मागे उभी राहिली. जमाखर्चाच्या शेवटी ठळक अक्षरांत ओळ होती: 'इंदा इंसंदबम रु. ४,३१२'. मूळ फाइल उघडली. खजिनदारांनी तिथे फॉन्ट बदलून, बारीक लिपीतल्या इंग्रजी अक्षरांत 'बँक बॅलन्स' लिहिलं होतं. माझ्या मॅक्रोला फॉन्टशी देणंघेणं नव्हतं. त्याला बी दिसला, त्याने इ केला. एचा अनुस्वार, एनचा द, केचा काना. बँकेची इंदा झाली आणि बॅलन्स तिचं आडनाव.

"म्हणजे बाई नाही कुणी?" खजिनदारांच्या आवाजात सुटकेबरोबर थोडी निराशाही होती. सभासदांच्या ग्रुपवर तोवर चाळीस मेसेज पडले होते. एका माजी अध्यक्षांनी तर सगळा आळ स्वतःवर येतोय असं समजून आधीच खुलासा केला होता. त्यांच्या घरी काय झालं ते कळलं नाही.

मी मॅक्रोत एक ओळ वाढवली, की आधी फॉन्ट कोणता ते बघ, मगच हात लाव. बेसिक असतं तर तिला १५ नंबर दिला असता. अहवाल पुन्हा पाठवला, बायकोला मूळ ओळ आणि नवी ओळ शेजारी ठेवून दाखवली. तिने दोन्ही वाचल्या आणि विचारलं, "तुला हे सगळं करायचे पैसे किती मिळतात?" मी लाइट घालवला.

यंदा श्रावणात खजिनदारांचा मेसेज आला, शुद्ध युनिकोडमध्ये, वेलांट्या-रफार जिथल्या तिथे: "सर, इंदाकडे या वेळी सहा हजार आहेत. फक्त पीडीएफ उघडत नाही. फोन करू का?" तेव्हा रात्रीचे पावणेबारा वाजले होते.