‘चोचले’ या शब्दाबद्दल

नमस्कार. शिया बटरवरच्या, म्हणजे आफ्रिकेतल्या शिया झाडाच्या बियांपासून काढतात त्या लोण्यासारख्या चरबीवरच्या, माझ्या लेखाखाली ‘एक कोल्हापूरकर’ या नावानं तुम्ही टाकलेली प्रतिक्रिया मी परवा रात्री वाचली. तेव्हाच उत्तर लिहायला बसले होते, पण रागाच्या भरात काही लिहू नये म्हणून दोन दिवस थांबले. राग पुरता गेलाय असं नाही.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. यांचं म्हणणं असं, की शियाचं झाड दक्षिण आफ्रिकेत होतच नाही, डोक्यात कोंडा असेल तर शिया लावून तो वाढतो (यांच्या भाच्याला तसा त्रास झाला), चेहऱ्याला पुटकुळ्या येतात, डब्यातलं शिया रवाळ झालं की ते भेसळीचं समजावं. लेख लिहायचे कंपनीकडून किती मिळाले, असंही विचारलंय. आणि शेवटी हे वाक्य: ‘ताई, घरात तूप-खोबरेल असताना आफ्रिकेतनं लोणी मागवून अंगाला चोळायचं, हे पैसा जास्त झालेल्या बायकांचे चोचले आहेत.’

पहिला मुद्दा मान्य. मी ‘दक्षिण आफ्रिका’ लिहिलं होतं, ते चूकच. हे झाड सेनेगलपासून पार युगांडा-इथिओपियापर्यंतच्या कोरड्या पट्ट्यात वाढतं. माली, बुर्किना फासो, घाना, नायजेरिया हे त्याचे मोठे देश. लेखात दुरुस्ती केली आहे, चूक दाखवल्याबद्दल आभार. पण चूक दाखवायचीही एक रीत असते. ‘आधी नकाशा बघायला शिका’ असं तुम्ही लिहिलंय. रंकाळ्यावर शेजारी बसून बोलत असतो तर हे वाक्य तुमच्या तोंडातनं निघालं असतं का? तीन वर्षं मी इथं लिहितेय, वाचणाऱ्या बऱ्याच जणी माझ्यापेक्षा जास्त शिकलेल्या आहेत, त्या माझ्या चुका सांगतात आणि मी त्या सुधारते. असा सूर कुणी लावला नव्हता.

आता ‘चोचले’.

माझी आई बावीस वर्षं शिवाजी पेठेत लोकांची धुणीभांडी करायची. सकाळी सहाला मोरीच्या ओल्या फरशीवर पाय, ते दुपारी दोनला कोरडे व्हायचे. थंडीत तिच्या टाचा अशा फाटायच्या की भेगेत आठ आण्याचं नाणं उभं राहील. मी आठवीत असताना तिच्या शेजारीच झोपायचे. रात्री तिनं कूस बदलली की वाकळेचा दोरा त्या भेगेत अडकायचा. ती अंधारात ‘स्स’ करायची, उठून बसायची आणि बोटानं चाचपत दोरा सोडवायची. आम्ही जागे होऊ नये म्हणून दिवा लावायची नाही. सकाळी पायताणात पाय घालताना आधी भिंतीला हात टेकायची. हे मी रोज पाहिलंय.

तिच्या एका मालकीणबाईंचं माहेर सावंतवाडीकडचं. त्या गावी गेल्या की मुठेलाची वडी आणायच्या आणि त्यातला तुकडा आईला द्यायच्या. मुठेल म्हणजे कोकमाच्या बियांचं घट्ट तेल. आई ते पळीत वितळवायची आणि थेंब थेंब भेगेत सोडायची. चटका बसायचा, पण आठवड्याभरात भेग मिटायला लागायची. वडी संपली की खोबरेल. तुम्ही म्हणता तेच खोबरेल. ते साधारण 24 अंशांवर वितळतं, म्हणजे अंगाला लागलं की पातळ तेल होतं. रात्री लावलेलं सकाळपर्यंत निम्मं वाकळेनं प्यायलेलं असायचं. केसांसाठी खोबरेलासारखं दुसरं काही नाही, हे मी माझ्या लेखातही लिहिलंय. फाटलेल्या टाचेचं काम वेगळं आहे.

आणि तूप! तूप आमच्या घरी सणाला यायचं, पुरणपोळीवर चमच्यानं मोजून पडायचं. ते पायाला लावायला काढलं असतं तर आजीनं घर डोक्यावर घेतलं असतं. पुढे नोकरी लागल्यावर हौसेनं मी एकदा शतधौत घृतही केलं. तांब्याच्या परातीत तूप घेऊन पाण्यानं शंभर वेळा फेसलं, खांदा भरून आला. झालं छान, पांढरंशुभ्र, मलईसारखं. पण घरात पुरेसं पाणी नसलेल्या, दोन वेळा कामाला जाणाऱ्या बाईनं हे कधी करायचं? ‘घरात तूप असताना’ असं तुम्ही सहज लिहून गेलात. सगळ्यांच्या घरात ते चोळायला पुरेल इतकं नसतं.

दोन वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा शिया आणलं ते आईसाठी. तळहातावर हरभऱ्याएवढं घेतलं, दोन्ही हात एकमेकांवर चोळले आणि ते विरघळलं. पळी नको, गॅस नको, चटका नको. शिया साधारण 32 ते 38 अंशांच्या दरम्यान वितळतं, म्हणजे अंगाच्या उबेला सैल पडतं, पण खोबरेलासारखं वाहून जात नाही. कातडीवर थर धरून राहतं आणि आतलं पाणी उडू देत नाही. आईचे पाय कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवले, पुसले, ओलसर असतानाच ते लावलं आणि वर सुती मोजे चढवले. 200 ग्रॅमचा डबा दिवाळीत उघडला होता, तो गुढीपाडव्यापर्यंत पुरला. त्या थंडीत भिंतीला हात न टेकता तिनं पायताण घातलं. हे चोचले असतील तर माझ्या आईचे आहेत, आणि तिनं ते करावेत.

परक्या देशाचं म्हणून तुम्हाला एवढं खटकलं, तर हेही ऐका. शियात चरबी ज्यांची बनते त्यातल्या ज्या दोन आम्लांचा भरणा असतो, ओलेइक आणि स्टीअरिक, त्यांचाच भरणा मुठेलात असतो. मुठेलात स्टीअरिक जास्त, म्हणून ते दगडासारखं घट्ट. शियात ओलेइक जास्त, म्हणून मऊ. आणि झाडाचं कूळ बघाल तर शिया आपल्या मोहाचं भावंड आहे, दोन्ही एकाच कुळातले. मोहाच्या बियांचं तेल आपल्याकडे आदिवासी बायका पिढ्यान्‌पिढ्या अंगाला लावत आल्या आहेत. तुमच्या फोडणीतला भुईमूग तर समुद्रापलीकडून, दक्षिण अमेरिकेतनं आलाय. त्याला कुणी नाव ठेवत नाही.

आफ्रिकेतही शिया काढायचं काम बायकांचंच. झाडाला पहिली फळं धरायलाच पंधरा-वीस वर्षं लागतात. पावसाळ्याच्या तोंडावर खाली पडलेली फळं त्या पहाटे वेचून आणतात, बिया उकडतात, वाळवतात, फोडतात, भाजतात, कुटून वाटतात आणि मग पाणी घालून तो चॉकलेटी गोळा हातानं फेसत बसतात. चरबी पांढरी होऊन वर तरंगेपर्यंत हात थांबत नाही. आपल्याकडे रवीनं लोणी काढतात ना, तसंच, पण कोपरापर्यंत हात बुडवून. तुमच्या त्या एका शब्दात या बायकाही आल्या. म्हणून तो मला जास्त लागला.

रवाळपणाचं एवढंच सांगते: ते सावकाश थंड झालं की त्याला कण धरतो. आपलं साजूक तूपही असंच रवाळ होतं आणि आपण त्याचं कौतुक करतो. गरम पाण्यात डबा ठेवून वितळवा आणि लगेच फ्रिजमध्ये ठेवा, कण जातात.

कोंड्याचं म्हणाल, तर माझ्या बहिणीला उपयोग झाला, तुमच्या भाच्याला उलटा त्रास झाला. प्रत्येकाची टाळू वेगळी, त्यावर मी इथं वाद घालणार नाही. चेहऱ्याला पुटकुळ्या येण्याबद्दल तुम्ही जे लिहिलंय तेही तसंच. आणि ‘कंपनीकडून किती मिळाले’ या प्रश्नाला मी उत्तर देणार नाही, कारण तो प्रश्नच नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. नकाशाचं वाक्यही राहू दे. फक्त ‘चोचले’ हा शब्द तुम्ही स्वतः मागे घ्यावा, एवढं माझं म्हणणं आहे. आईला वाचता येतं. लेखाखालच्या सगळ्या प्रतिक्रिया ती माझ्या फोनवर वाचते, तुमचीही तिनं वाचलीय.