लॉटरी लागली नाही तरी

दर फेब्रुवारीत मी अर्ज भरतो आणि दर मार्चमध्ये नकाराची ईमेल येते. सहा वर्षं झाली. अर्ज डोंगरात एक रात्र काढण्याचा! अमेरिकेत सिएटलच्या पूर्वेला अल्पाइन लेक्स नावाचं रान आहे, १९७६ पासून कायद्याने राखलेलं. सातशेहून जास्त तळी. त्यातल्या एन्चँटमेंट्स भागात १५ मे ते ३१ ऑक्टोबर मुक्कामाला परवाना लागतो आणि मोसमाआधीच त्याची लॉटरी निघते.

गेल्या पावसाळ्यात नाशिकच्या मित्राने हरिहर गडाचा व्हिडिओ पाठवला. त्या कातळपायऱ्यांवर माणसं मुंग्यांसारखी चिकटलेली; वरचा उतरेना, खालचा थांबेना. मी त्याला इथली लॉटरी सांगितली तर म्हणाला, "गड आपले, अन् चढायला चिठ्ठ्या टाकायच्या?"

राग समजतो. आपल्याकडे नियम येतो तोच बंदी होऊन. २०२४ च्या जूनमध्ये भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली आणि लगेच मनाईचे आदेश निघाले. जबाबदार ट्रेकरही घरी, रिळवालेही घरी. किती माणसं झेपतील, हा हिशेब मात्र कुणी मांडत नाही.

इथे तो मांडलेला दिसतो. वाटेच्या तोंडाशी लाकडी पेटी असते. दिवसभरासाठी जाणाऱ्यानेही त्यातला फुकटचा फॉर्म भरायचा, एक प्रत पेटीत, एक आपल्याजवळ. आत सायकलसुद्धा चालत नाही. वाटेवर झाड पडलं तर कर्मचारी ते दोघांनी ओढायच्या करवतीने कापतात, कारण मोटरच्या करवतीला मनाई. वर पांढऱ्या रानबकऱ्या. त्यांना आपल्या लघवीतल्या मिठाची चटक, म्हणून झाडोऱ्यात न करता खडकावर करा, असं सांगितलं जातं. पहिल्यांदा मी उरकून वळलो तर एक धूड दहा फुटांवर, रांगेत उभं असल्यासारखं. आमच्या सोसायटीच्या नळावरच्या काकू आठवल्या.

पण हे रामराज्य नाही. मर्यादा मुक्कामाला आहे, दिवसाच्या फेरीला नाही. त्यामुळे लॉटरी न लागलेले पहाटे अंधारात निघून सुमारे २९ किलोमीटर एका दिवसात तुडवतात. मीही त्यातलाच.

आणि एक गोष्ट मला खटकते. १९६४ च्या वाइल्डरनेस कायद्यात, म्हणजे अशी रानं राखणाऱ्या कायद्यात, माणूस फक्त पाहुणा. त्याने यावं आणि जावं. या डोंगरांच्या पायथ्याशी, आइसिकल ओढा वेनॅची नदीला मिळतो तिथे, इथले मूळ रहिवासी वेनॅची लोक पिढ्यान् पिढ्या सामन मासे धरत. अमेरिकी सरकारशी झालेल्या १८५५ च्या तहात ती जागा त्यांच्यासाठी राखायचं वचन होतं. पाळलं गेलं नाही. मग रान 'निर्मनुष्य' दिसणारच.

म्हणून हे सगळं जसंच्या तसं उचलून सह्याद्रीत नेऊ नये. हरिश्चंद्रगडही कळसूबाई अभयारण्यातच येतो, पण पायथ्याला पाचनई आहे. तिथल्या अंगणात पिठलं-भाकरी खाऊन आपण गड चढलोय. मोजणी हवीच, शनिवार-रविवारी आकडा ठरलेला हवाच, पण नोंदीची वही आणि वहीचे पैसे गावाकडे असावेत. शहरात बसून मोबाइलवर आधी बोट मारणाऱ्याचाच नंबर लागला, तर बाहेरचा वर आणि गावचा गाइड खाली, असं व्हायचं.

हे सगळं मित्राला लिहिलं. त्याचं उत्तर आलं, "वही ठीक आहे. पेन्सिल पहिल्याच शनिवारी जाईल."

इथेही जाते. मी खिशात घरचीच घेऊन जातो.