अडुसष्ट टक्के

गेली १९ वर्षं मी दुसऱ्यांचं लिखाण दुरुस्त करण्याचं काम करते. प्रबंध, अहवाल, लेख, अधूनमधून एखादं पुस्तक. मराठी आणि इंग्रजी दोन्हीतलं. त्यामुळे आज जे लिहितेय ते माझ्या रोजच्या कामाबद्दल आहे. पोस्ट लांबलीय. पण जे सध्या प्रबंध लिहितायत आणि जे ते तपासतायत, त्या दोघांनीही ती शेवटपर्यंत वाचावी अशी कळकळीची विनंती.

चार महिन्यांपूर्वी एका संशोधक मुलीचा फोन आला. तिच्या इंग्रजी प्रबंधाचं तिसरं प्रकरण मी तपासून दिलं होतं. "ताई, रिपोर्टमध्ये ६८ टक्के एआय आलंय. समितीपुढे बोलावलंय." मला आधी वाटलं, साहित्यचोरीचा रिपोर्ट असेल, संदर्भसूची आणि अवतरणं मोजली गेली असतील. तसं बऱ्याचदा होतं आणि ते निस्तरताही येतं. पण हा रिपोर्ट वेगळाच होता. हे लिखाण यंत्राचं आहे, असा त्याचा निष्कर्ष होता.

ते लिखाण कुणाचं आहे हे मला पक्कं माहीत होतं. तिनं लिहिलं होतं आणि मी एकेक वाक्य हातानं दुरुस्त केलं होतं. तिचे विचार स्वच्छ, पण इंग्रजी आडवळणाचं. क्रियापद भलत्या जागी, शब्द शब्दकोशातून शोधून आणलेले, एकेक वाक्य सहा-सहा ओळींचं. मी वाक्यं तोडली, चार अवघड शब्दांच्या जागी नेहमीचा एक घातला, परिच्छेदांची सुरुवात सरळ केली. कुठलाही संपादक हेच करतो. फोन ठेवल्यावर मी तिचा पहिला खर्डा, माझा हात लागण्याआधीचा, एका डिटेक्टरमध्ये, म्हणजे लिखाण यंत्राचं की माणसाचं हे सांगणाऱ्या साधनात, टाकून पाहिला. ११ टक्के. मग दुरुस्त केलेली प्रत टाकली. ७० च्या वर. तिच्यावर आळ आला होता तो माझ्या दुरुस्त्यांमुळे. त्या रात्री मला झोप लागली नाही. तेव्हापासून हा विषय जितका वाचता येईल तितका वाचतेय.

हे डिटेक्टर बघतात तरी काय? चॅटजीपीटीसारखं मॉडेल दर वेळी पुढचा संभाव्य शब्द निवडत वाक्य बांधतं. डिटेक्टरची मूळ कल्पना याच्या उलट जाते. तयार मजकूर घ्यायचा आणि प्रत्येक शब्द मॉडेलला कितपत अपेक्षित होता ते मोजायचं. याला परप्लेक्सिटी म्हणतात. मजकुरानं मॉडेलला फारसं चकवलं नाही की संशय वाढतो. त्याच्या जोडीला बर्स्टीनेस, म्हणजे वाक्यं लहानमोठी, साधी-गुंतागुंतीची अशी किती हेलकावतात ते. जानेवारी २०२३ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठात शिकणाऱ्या एडवर्ड टियाननं जीपीटीझीरो आणलं, तेव्हा हे दोन शब्द सगळीकडे पोचले. आताची बरीच साधनं याच्या पुढे गेलीत. माणसांचे आणि यंत्रांचे असंख्य नमुने दाखवून फरक ओळखायला शिकवलेली मॉडेलं त्यांत असतात आणि ती पूर्वीपेक्षा खरोखरच बरी आहेत. पण तीसुद्धा मजकूर कशासारखा दिसतो एवढंच सांगतात. तो कुणी लिहिला हे त्यांना कळायला मार्गच नाही. लिहिताना कोण बसलं होतं हे फाइलमधल्या अक्षरांत नसतं.

आता माझं काम काय असतं ते बघा. वाचणाऱ्याला अडखळायला होऊ नये, पुढचा शब्द जिथे अपेक्षित तिथेच यावा, हीच तर संपादकाची खटपट. मजकूर अपेक्षित करणं हा माझा व्यवसाय आहे! परकी भाषा घासूनपुसून शिकलेला, ठरलेल्या साच्यात लिहायला शिकवलेला, नियम पाळणारा माणूस जे लिहील ते या मोजमापात यंत्राकडे झुकणार. विज्ञानाच्या प्रबंधातलं 'पद्धती'चं प्रकरण घ्या. त्यात चमकदार, अनपेक्षित वाक्य लिहिलं तर मार्गदर्शकच ते खोडतात.

अमेरिकेची राज्यघटना काही डिटेक्टरांनी यंत्रलिखित ठरवल्याचं २०२३ मध्ये बरंच गाजलं. लोक हसले, पण त्यामागचं कारण नीट समजून घेण्यासारखं आहे. तो १७८७ सालचा मजकूर इंटरनेटवर इतक्या ठिकाणी आहे की मॉडेलांना तो जवळजवळ तोंडपाठ आहे. पाठ असलेलं कुठलंही वाक्य 'अपेक्षित' वाटणारच.

मला सर्वांत जास्त हादरवलं ते स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानं. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध त्यांनी सात डिटेक्टरांना दिले. सगळे माणसांनी लिहिलेले. यंत्राचे म्हणून चुकीचे ठरवण्याचं सरासरी प्रमाण निघालं ६१.३ टक्के. ९१ पैकी ८९ निबंधांवर किमान एका डिटेक्टरनं बोट ठेवलं आणि १८ निबंध तर सातही डिटेक्टरांनी एकमतानं यंत्राचे ठरवले. अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांचे निबंध मात्र याच साधनांनी जवळपास अचूक ओळखले. पुढचा भाग वाचून मी कितीतरी वेळ तशीच बसून होते. संशोधकांनी तेच टोफेल निबंध चॅटजीपीटीला दिले आणि शब्दसंपदा जरा समृद्ध करायला सांगितलं, तेव्हा चुकीचं प्रमाण १२ टक्क्यांच्या आसपास उतरलं. स्वतः लिहिलं तर यंत्र ठरता, यंत्राकडून सजवून घेतलं तर माणूस. माझ्या त्या मुलीसारख्या, दुसऱ्या भाषेत लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला हे येणार असेल, तर या साधनाला निःपक्ष कसं म्हणायचं?

त्यानंतर साधनं सुधारली, हा अभ्यास जुन्या आवृत्त्यांचा आहे, असं उत्तर मिळतं. मान्य. पण मग मला संस्थांना विचारायचंय, तुम्ही वापरता ती आवृत्ती कोणती, ती कुठल्या प्रकारच्या लिखाणावर तपासलीय, दुसऱ्या भाषेत लिहिणाऱ्यांवर तपासलीय का? समितीत त्या मुलीनं नम्रपणे एकच प्रश्न विचारला: ६८ टक्के म्हणजे काय? मजकुराचा ६८ टक्के भाग यंत्राचा, की अख्खा मजकूर यंत्राचा असण्याची शक्यता ६८ टक्के? या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत आणि वेगवेगळी साधनं वेगवेगळी गोष्ट दाखवतात. तिथल्या कुणालाच उत्तर देता आलं नाही. जो आकडा वाचता येत नाही त्याच्या आधारावर कुणाची सहा वर्षांची मेहनत टांगणीला लावायची नसते.

ज्यांनी ही मॉडेलं बनवली त्यांचाच अनुभव बघा. ओपनएआयनं ३१ जानेवारी २०२३ ला स्वतःचा डिटेक्टर आणला. त्यांच्याच चाचणीत तो यंत्राचा फक्त २६ टक्के मजकूर ओळखत होता आणि माणसांच्या ९ टक्के मजकुरावर चुकीचा शिक्का मारत होता. तो इंग्रजीसाठीच वापरा, इतर भाषांत कामगिरी बरीच खालावते, असंही त्यांनी लिहिलं होतं. त्याच वर्षी जुलैमध्ये, अचूकता कमी म्हणून, त्यांनी तो बंद केला. साहित्यचोरी तपासण्याचं सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या टर्निटिन कंपनीनं एप्रिल २०२३ मध्ये अशी सोय सुरू केली तेव्हा पूर्ण दस्तऐवजाच्या पातळीवर चुकीचं प्रमाण एक टक्क्याहून कमी असल्याचं सांगितलं. वाक्यागणिक बघितलं तर ते साधारण ४ टक्के असल्याचं नंतर त्यांनीच कळवलं. आता २० टक्क्यांखालचा आकडा ते दाखवत नाहीत, तिथे नुसती चांदणी येते, कारण त्या पट्ट्यात चुका जास्त होतात. निव्वळ या आकड्यावरून विद्यार्थ्यावर कारवाई करू नये, हेही त्यांच्याच सूचनांमध्ये आहे. किती समित्या त्या सूचना उघडून वाचत असतील?

एक टक्का ऐकायला नगण्य वाटतो. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठानं ऑगस्ट २०२३ मध्ये टर्निटिनची ही सोय बंद केली तेव्हा साधा हिशोब मांडला होता. २०२२ मध्ये त्यांच्याकडे ७५,००० लेख तपासणीसाठी गेले होते. एक टक्का म्हणजे ७५० जणांवर खोटा आळ.

यातला आणखी एक हिशोब फार थोडे जण करतात. समजा १,००० निबंध आहेत, त्यातले १०० यंत्राकडून लिहून घेतलेले. डिटेक्टर चांगला आहे, १०० पैकी ८० पकडतो. माणसांच्या निबंधांत तो फक्त ५ टक्के चुकतो. उरलेल्या ९०० चे ५ टक्के म्हणजे ४५. एकूण शिक्का बसला १२५ जणांवर आणि त्यातले ४५ निरपराध. म्हणजे 'पकडलेल्या' दर तिघांमागे एकाहून जास्त. लबाडी करणारे वर्गात जितके कमी तितकं हे प्रमाण वाईट होत जातं. प्रामाणिक वर्गात डिटेक्टरचं बोट बहुतेक वेळा प्रामाणिक माणसाकडेच जाणार. हे गणित शाळेतलं आहे, त्यासाठी तज्ज्ञ लागत नाही.

आणि पकडायचं ज्यांना, ते निसटतात. मजकूर दुसऱ्या साधनातून फिरवून शब्द बदलून घेतले की बऱ्याच डिटेक्टरांची पकड सुटते, हे मेरिलँड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्येच दाखवलं. आज 'ह्युमनायझर' नावाखाली हे सर्रास विकलं जातं. लबाडी करणाऱ्याला ती वाट माहीत असते. ज्यानं स्वतः लिहिलंय तो अशा वाटा शोधायला जातच नाही.

मॉडेल बनवणाऱ्यांनीच मजकुरात अदृश्य खूण ठेवावी, असाही मार्ग आहे. गुगल डीपमाइंडनं सिंथआयडी या नावानं ते केलंय आणि २०२४ मध्ये त्यावरचा शोधनिबंध 'नेचर'मध्ये आला. पण ज्या मॉडेलनं ती खूण ठेवली त्याच्याच मजकुरात ती सापडणार, आणि मजकूर बराच बदलला की पुसट होणार.

साहित्यचोरीच्या रिपोर्टशी याची तुलना होते तेव्हा मला राहवत नाही. तिथे मूळ मजकूर समोर ठेवता येतो. दोन कागद शेजारी शेजारी ठेवले की कुणालाही दिसतं आणि आरोपीलाही उत्तर देता येतं. इथे दुसरा कागदच नाही. आरोप करणाऱ्याकडे फक्त आकडा, आणि ज्याच्यावर आरोप त्यानं सिद्ध काय करायचं? मी लिहिलं, हे? लिहिणं एकट्यानं होतं, त्याला साक्षीदार नसतो.

शैलीवरून लेखक कधीच ओळखता येत नाही, असं मी म्हणत नाही. मोस्टेलर आणि वॉलेस या संख्याशास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये फेडरलिस्ट निबंधांतल्या, म्हणजे अमेरिकेच्या राज्यघटनेच्या बाजूनं टोपणनावानं लिहिलेल्या निबंधांतल्या, १२ वादग्रस्त निबंधांचा लेखक हॅमिल्टन नसून मॅडिसन असल्याचं अशाच मोजणीतून दाखवलं. 'अपॉन' हा शब्द हॅमिल्टन सढळपणे वापरायचा, मॅडिसन क्वचित. पण त्यांच्यापुढे दोनच नावं होती आणि दोघांचंही भरपूर लिखाण हाताशी होतं. डिटेक्टरनं या मुलीचं आधीचं एक पानही पाहिलेलं नाही.

तसंच, लाखो लेखांचा गठ्ठा घेऊन त्यात यंत्राचा हात किती, याचा अंदाज बांधता येतो. काही शब्द अचानक किती वाढले ते मोजून, २०२४ मधल्या जैववैद्यकीय शोधनिबंधांच्या किमान १३.५ टक्के सारांशांना भाषा-मॉडेलचा हात लागला असावा, असं संशोधकांनी काढलं. मला ते पटतं. समूहाचा अंदाज थोडा चुकला तरी कुणाचं आयुष्य बिघडत नाही. पण त्यातला नेमका कोणता सारांश, हे त्या पद्धतीनं सांगता येत नाही आणि ते संशोधक तसा दावाही करत नाहीत.

यंत्राकडून लिहून घेतलेले प्रबंध माझ्याकडेही येतात. मला त्याचा राग येतो. शिक्षकांचीही मला काळजी वाटते, त्यांच्यापुढे गठ्ठे आहेत आणि वेळ नाही. म्हणूनच सांगते, संशय आला तर त्या मुलाला बोलवा. अर्धा तास बसा. हा मुद्दा कुठून आला, हा संदर्भ का घेतला, दुसऱ्या पानावरचं हे वाक्य का खोडलं, असं विचारा. खर्डे मागा. फाइलचा आवृत्ती-इतिहास बघा. ज्यानं लिहिलंय तो तुम्ही थांबवेपर्यंत बोलत राहतो. आणि लिहिणाऱ्यांनो, आजपासून एकही खर्डा पुसू नका. वहीतल्या नोंदीसुद्धा जपा. हे सांगावं लागतंय याचं मला दुःख आहे, तरी सांगते.

एक मात्र कुणीही करू नका. मजकूर चॅटजीपीटीला देऊन "हे तू लिहिलंस का?" असं विचारू नका. दुसऱ्या कुणासाठी काय लिहिलं याची नोंद बघून ते उत्तर देत नाही. ते "हो"ही म्हणेल आणि तितक्याच ठामपणे "नाही"ही म्हणेल. अमेरिकेत मे २०२३ मध्ये एका प्राध्यापकानं असं विचारून अख्ख्या वर्गावर आरोप ठेवल्याच्या बातम्या आल्या होत्या.

त्या मुलीच्या समितीपुढे मी पत्र दिलं, आणि ट्रॅक चेंजेससकट सगळ्या फाइली. माझी प्रत्येक दुरुस्ती तारीख-वेळेसह दिसत होती. तिला पन्नास मिनिटं प्रश्न विचारले. तिनं सगळ्यांची उत्तरं दिली, दोन ठिकाणी तर परीक्षकांनाच संदर्भ सांगितले. प्रकरण स्वीकारलं गेलं. तो रिपोर्ट मात्र तिच्या फाइलमध्ये अजून तसाच लावलेला आहे. तो काढावा म्हणून अर्ज दिलाय, उत्तर आलेलं नाही.

गेल्या आठवड्यात मीच फोन करून चौथ्या प्रकरणाचं विचारलं. लिहून झालंय म्हणाली. मग पाठव की, मी बघते. थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "नको ताई. या वेळी चुका तशाच राहू देते."