माशाला कान नसतात म्हणे!

आमच्या मच्छीमार सोसायटीच्या ग्रुपवर पंधरा दिवसांत एकच मेसेज चारदा फिरून आला. त्याचं म्हणणं असं : माशाला कान नसतात, पाण्यात आवाज जात नाही, डेसिबलचे आकडे थापा आहेत आणि आवाजाला मासे कसे पळतात ते कॉम्प्युटरच्या मॉडेलवर दाखवणं म्हणजे व्हिडिओ गेम, तेव्हा तलावात इंजिनाच्या बोटी खुशाल चालू द्या. खाली अंगठ्यांची रांग. त्यातले निम्मे अंगठे ज्यांचे, तेच लोक संध्याकाळी जाळं लावलं की मासे हाकलायला डोंग्याच्या काठावर बांबू बडवतात. कान नसतात तर बडवता काहून बा?

बाहेरून भोक दिसत नाही, एवढंच खरं. मरळीचं डोकं फोडलं की मेंदूखाली पांढरा, तांदळाच्या दाण्याएवढा खडा सापडतो. तो तिच्या कानातला. माशाचं अंग जवळपास पाण्याइतक्याच घनतेचं, म्हणून आवाजाच्या लाटेसोबत तेही हलतं. खडा जड, तो मागे राहतो आणि त्याला टेकलेले बारीक केस वाकतात. माशाचं ऐकणं ते हेच. रोहू, कतला, मिरगल तर मरळीच्याही वरचढ : पोटातला हवेचा फुगा थरथरतो आणि इवल्याशा हाडांची साखळी ती थरथर कानापर्यंत पोचवते. ही हाडं वेबर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं १८२० सालीच दाखवून दिली. मागूरालाही ती असतात. कार्ल फॉन फ्रिश या शास्त्रज्ञानं १९२३ साली मागूराच्याच भाऊबंदातला, डोळे काढलेला एक मासा शिट्टी ऐकून खायला येतो हे दाखवलं. मेसेज तेव्हाच शिळा झाला होता.

पाण्यात आवाज जात नाही म्हणे. हवेत तो सेकंदाला ३४० मीटर जातो, पाण्यात १५०० च्या आसपास. डुबकी मारली की काठावरचा डीजे दबतो हे पोरांनीही अनुभवलंय. पण तो हवेतला आवाज पाण्याच्या पाठीवर आपटून जवळजवळ सगळा माघारी फिरतो, म्हणून. इंजिनाचा पंखा पाण्यातच फिरतो, त्याला ही वेस ओलांडावी लागत नाही.

डेसिबलचा मुद्दा तेवढा बरा काढलाय. ‘बोटीजवळ १५० डेसिबल असते तर मासे जागीच फुटले असते!’ पण हवेतलं माप २० मायक्रोपास्कल दाबापासून मोजतात, पाण्यातलं १ मायक्रोपास्कलपासून. शिवाय पाणी हवेपेक्षा कितीतरी घट्ट. दोन्ही मिळून फरक ६२ च्या आसपास पडतो. म्हणजे पाण्यातले १५० हवेतल्या ८८ च्या जवळपास. पायली आणि किलो एकाच तराजूत घातले की असं होतं.

आता व्हिडिओ गेम. गंमत म्हणजे ही शिवी अर्धी खरी आहे. क्रेग रेनॉल्ड्सनं १९८७ साली मांडलेली थव्याची रीत कॉम्प्युटर ॲनिमेशनसाठीच होती. शेजाऱ्याला धडकू नको, त्याच्या दिशेनं चाल, घोळक्यापासून तुटू नको : प्रत्येक खोट्या पाखराला एवढे तीन नियम दिले की थवा आपोआप वळतो. माशांच्या मॉडेलमध्ये त्यावर आणखी थर चढतात : पाण्याची खोली, प्रवाह, आवाजाचा नकाशा, आणि किती आवाजाला मासा वळेल याचा नियम. मग हजारो मासे सोडून पाहायचं. अमेरिकेत कोलंबिया नदीवरच्या धरणांपाशी सामन माशांची पिल्लं कोणत्या वाटेनं उतरतील, हे तिथल्या अभियंत्यांनी अशाच मॉडेलनं काढलं आणि खुणेची पिल्लं सोडून ताडून पाहिलं. गेममध्ये ताडून पाहणं नसतं.

पण बोटीनं मासे पळतात हे मॉडेलनं ‘सिद्ध झालं’ म्हणत उलटा मेसेज फिरवणारेही आमच्यात आहेत, त्यांच्याशीही माझं पटत नाही. मॉडेल जर-तरची भाषा बोलतं. मासा उपाशी असेल, किंवा रोजच्या आवाजाला सरावला असेल, तर नियमच बदलतो. समुद्राचं मॉडेल आमच्या मामा (माजी मालगुजारी) तलावावर जसंच्या तसं बसणारही नाही : कडक तळाच्या तीन मीटर पाण्यात साधारण १२५ हर्ट्झखालचा घुमारा दूर जातच नाही. आणि तलावात गाळ भरला, बेशरमाची झुडपं माजली, धानाच्या बांध्यांतलं औषध वाहून आलं, त्याचं खापर इंजिनावर फोडून कसं चालेल?

आमच्या तलावाचं मॉडेल कोणी करायला बसलाच, तर पहिल्यांदा खोली आणि मासळीचा हिशोब मागेल. खोली बांबूनं मोजता येते. सोसायटीच्या वहीत मात्र फक्त किलो लिहिलेत. मासळी कोणत्या अंगाला लागली, त्या दिवशी बोट फिरली की नाही, काहीच नाही. सोमवारपासून मी पट्टीनं दोन रकाने वाढवलेत. आबाजींनी पहिल्याच दिवशी लिहवून घेतलं : ‘पाळीकडं. बोट नाही. बांबू बडवला.’