शेजाऱ्यांनी सोडलेलं दुकान

२०१८ च्या मार्चमध्ये आमच्या शेजाऱ्यांनी डिक्स स्पोर्टिंग गुड्स या खेळाच्या सामानाच्या दुकानाची पायरी चढणं सोडलं, ते आजतागायत. त्याआधी हरणाच्या शिकारीचं त्यांचं सगळं सामान तिथूनच यायचं. काडतुसं, नारिंगी जाकीट, बर्फात चालायचे बूट. पिट्सबर्गकरांना हे दुकान परकं नाही, कंपनीचं मुख्यालय इथंच विमानतळाजवळ कोराओपोलिसला आहे. आता शेजारी चाळीस मिनिटं गाडी चालवून एका छोट्या बंदूकवाल्याकडे जातात आणि काडतुसांच्या प्रत्येक डब्याला चार पैसे जास्त मोजतात. सत्तरी ओलांडलेला माणूस, गुडघा दुखतो, तरी जातात.

झालं होतं असं. १४ फेब्रुवारी २०१८ ला फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेत १७ जण मारले गेले. मारेकऱ्यानं काही महिन्यांपूर्वी डिक्समधून एक शॉटगन घेतली होती. हत्याकांडात ती वापरली गेली नव्हती, पण कंपनीचे प्रमुख एड स्टॅक यांना ते लागलं. ते स्वतः बंदूक बाळगणारे. दोनच आठवड्यांनी त्यांनी जाहीर केलं, की लष्करी धाटणीच्या रायफली आमच्या कुठल्याच दुकानात मिळणार नाहीत, जास्त गोळ्या मावणारी मोठी मॅगझिन मिळणार नाहीत आणि २१ वर्षांखालच्यांना बंदूकच विकणार नाही. गोदामात उरलेल्या सुमारे ५० लाख डॉलरच्या रायफली परत न पाठवता त्यांनी मोडीत काढल्या. वर अमेरिकन संसदेकडे कायद्याची मागणी केली. शेजाऱ्यांचा राग या शेवटच्या गोष्टीवर जास्त होता. "दुकान त्यांचं आहे, काय विकायचं ते त्यांनी ठरवावं. पण माझ्याच पैशातून माझ्या हक्काविरुद्ध वॉशिंग्टनमध्ये खटपट करायची?" हे त्यांनी मला कुंपणापाशी उभं राहून सांगितलं, आवाज न चढवता.

मी दुसऱ्या बाजूची. माझी मुलगी तेव्हा तिसरीत होती. वर्गातले दिवे घालवून, दारापासून लांबच्या भिंतीला टेकून, तोंडातून शब्द न काढता बसायचा सराव तिची शाळा करून घ्यायची. घरी येऊन ती मला तो करून दाखवायची. त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला आमच्याच गावातल्या स्क्विरल हिलच्या सिनेगॉगमध्ये, ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, ११ माणसं प्रार्थनेला गेली ती परत आली नाहीत. त्यामुळे स्टॅक यांचा निर्णय मला धीराचा वाटला, आणि मुलीचे फुटबॉलचे बूट मी मुद्दाम तिथूनच घ्यायला लागले. एका कुंपणाच्या अलीकडे-पलीकडे दोन घरं, दोघांनीही पाकिटातून मत दिलं.

माझं माहेर मंचरचं. आमच्या आंबेगाव तालुक्यातच म्हाळुंगे पडवळ आहे, बाबू गेनूंचं गाव. १२ डिसेंबर १९३० ला मुंबईत काळबादेवीला परदेशी कापडाच्या ट्रकपुढे हा २२ वर्षांचा गिरणी कामगार आडवा झाला आणि चिरडला गेला. शाळेत दर डिसेंबरला आम्ही हे ऐकायचो. टिळकांच्या चतुःसूत्रीत स्वराज्य, स्वदेशी आणि राष्ट्रीय शिक्षणाच्या जोडीला बहिष्कार होता, हेही तिथंच पाठ झालं. तेव्हा ग्राहकानं पाठ फिरवणं हे माझ्या लेखी नुसतं रुसणं नाही. शेजाऱ्यांचा हेतू मला पटत नाही, पण त्यांचं हत्यार माझ्या ओळखीचं आहे, आणि ते त्यांनी उचलण्याचा हक्क मी नाकारू शकत नाही.

या हक्कावर अमेरिकन सर्वोच्च न्यायालयानं १९८२ मध्ये शिक्कामोर्तब केलं, तो खटला मिसिसिपीतल्या पोर्ट गिब्सनचा. तिथल्या कृष्णवर्णीयांनी १९६६ मध्ये गोऱ्या दुकानदारांवर बहिष्कार घातला आणि दुकानदारांनी नुकसानभरपाईसाठी त्यांना कोर्टात खेचलं. हिंसेला संरक्षण नाही, पण शांततेनं घातलेला बहिष्कार हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग, असं न्यायालयानं सांगितलं. आज बंदूकवाले ज्या छत्राखाली उभे आहेत ते त्या माणसांनी उभारलेलं आहे. पण याच प्रकरणात एक गोष्ट आहे जी मला टोचते. बहिष्कार मोडून गोऱ्यांच्या दुकानात जाणाऱ्या कृष्णवर्णीयांवर पाळत ठेवली जायची, सभेत त्यांची नावं वाचून दाखवली जायची, आणि दोन प्रसंगी घरावर गोळ्याही झाडल्या गेल्या. इतक्या न्याय्य लढ्यातसुद्धा बोट दुकानदारावरून आपल्याच माणसाकडे वळायला वेळ लागला नाही.

मराठीत या दुसऱ्या गोष्टीला वेगळा शब्द आहे: वाळीत टाकणं. बहिष्कार मालावर असतो, वाळीत माणूस टाकला जातो. १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायल्यावर गावोगावच्या सवर्णांनी अस्पृश्यांचं काम बंद केलं, वाण्याकडचा माल बंद केला, वाट बंद केली. त्याच वर्षी बाबासाहेबांनी पाक्षिक काढलं त्याचं नाव 'बहिष्कृत भारत'. टिळकांच्या चतुःसूत्रीतला आणि या नावातला शब्द एकच, आणि दोन्ही अनुभव एकाच महाराष्ट्राचे. जातपंचायती आणि गावक्या अगदी परवापरवापर्यंत घरंच्या घरं वाळीत टाकत राहिल्या, म्हणून तर २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. असा कायदा करणारं आपलं पहिलं राज्य.

ही फूटपट्टी घेऊन मी अमेरिकन बंदूकवाल्यांच्या बहिष्कारांकडे बघते, तेव्हा स्मिथ अँड वेसनच्या प्रकरणापाशी थांबते.

मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला तेव्हा मुख्यालय असलेली ही जुनी, नावाजलेली बंदूक कंपनी. मार्च २००० मध्ये तिनं क्लिंटन सरकारशी करार केला. पिस्तुलांना कुलपं बसवायची, मालकाशिवाय दुसऱ्याच्या हातून चालणार नाही असं तंत्र विकसित करायचं, आणि आपला माल विकणाऱ्या दुकानदारांना काही नियम पाळायला लावायचे. बदल्यात शहरांनी लावलेल्या खटल्यांतून सुटका. नॅशनल रायफल असोसिएशन या बंदूकधारकांच्या मोठ्या संघटनेनं याला शरणागती म्हटलं. कंपनी तेव्हा ब्रिटिश मालकीची होती, ही गोष्टही सारखी पुढे केली गेली. गिऱ्हाईक तुटलं, दुकानदारांनी माल ठेवणं बंद केलं, उन्हाळ्यात कारखाने काही काळ बंद ठेवावे लागले, प्रमुख पायउतार झाले. टॉमकिन्स या ब्रिटिश मालकानं १९८७ मध्ये ११ कोटी डॉलरहून जास्त देऊन घेतलेली ही कंपनी २००१ मध्ये दीड कोटी डॉलर रोख आणि डोक्यावरचं कर्ज एवढ्यावर विकून टाकली. तोवर वॉशिंग्टनमध्ये सरकार बदललं होतं, करार कागदावरच राहिला.

बंदूक-हक्काच्या चळवळीत हा मोठा विजय समजतात. ग्राहकांची ताकद म्हणून बघितलं तर तो आहेच. पण डिक्सशी ताडून बघा. बंदूकवाले डिक्सवर तितकेच चिडले होते, सुमारे २५ कोटी डॉलरची विक्री गेली असा स्टॅक यांचाच अंदाज आहे, मॉसबर्ग आणि स्प्रिंगफील्ड आर्मरी या बंदूक कंपन्यांनी माल देणं थांबवलं. तरी डिक्स टिकलं, कारण त्याचा धंदा क्रिकेटच्या नसला तरी फुटबॉलच्या, धावण्याच्या, व्यायामाच्या सामानावर उभा आहे. शिकारीचा विभाग तोट्याचा दिसल्यावर त्यांनी तो एकेका दुकानातून काढायलाच सुरुवात केली. २०१८ मध्ये १० दुकानांतून, पुढच्या वर्षी आणखी सव्वाशेतून. म्हणजे शिकाऱ्यांनी पाठ फिरवली आणि दुकानानं त्यांची फळीच काढून टाकली. स्मिथ अँड वेसनला मात्र बंदूकवाल्यांशिवाय दुसरं गिऱ्हाईकच नव्हतं. ज्याचं सगळं पोट तुमच्यावर आहे त्याचंच नाक तुम्ही दाबू शकता, आणि असा माणूस बहुतेक वेळा तुमच्याच घरातला असतो.

म्हणूनच २००० सालचा तो प्रसंग मला बहिष्कारापेक्षा वाळीत टाकण्याच्या जवळचा वाटतो. त्यानं इतर सगळ्या बंदूक कंपन्यांना एकच धडा दिला: सरकारशी बोलायला बसायचं नाही. २००७ मध्ये जिम झंबो या शिकारीवर आयुष्यभर लिहिणाऱ्या लेखकानं लिहिलं, की एआर-१५ सारख्या लष्करी धाटणीच्या रायफलींना शिकारीत जागा नसावी, त्या दहशतवाद्यांच्या रायफली आहेत. शब्द वाईट होता, त्यांनी माफीही मागितली. पण काही दिवसांतच रेमिंग्टन या बंदूक कंपनीनं हात काढून घेतला, मासिकातली जागा गेली, टीव्हीवरचा कार्यक्रम गेला. हजारो वाचकांनी कंपन्यांना कळवलं होतं, याला ठेवाल तर तुमचा माल घेणार नाही. २०१४ मध्ये मेरीलँडच्या एका बंदूक दुकानदारानं मालकाच्या मनगटी घड्याळाशिवाय न चालणारं पिस्तूल विकायला ठेवणार म्हटलं, तर त्याला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या आणि त्यानं बेत सोडला. या भीतीमागे कारण होतं, ते सांगायला हवं. न्यू जर्सीनं २००२ मध्येच कायदा केला होता, की अशी पिस्तुलं देशात कुठंही विक्रीला आली की काही वर्षांत आमच्या राज्यात तीच विकता येतील. तेव्हा एका दुकानदाराची विक्री म्हणजे लाखोंच्या निवडीवर गदा, हा त्यांचा हिशोब खोटा नव्हता. तरीही ज्याला घरातल्या पोरापासून पिस्तूल सुरक्षित ठेवायचं आहे त्या माणसालाही ते विकत घेता येऊ नये, हे कसलं स्वातंत्र्य?

आणखी एक वळण मला याहून जास्त खटकतं. २०१८ मध्ये डेल्टा एअरलाइन्सनं रायफल असोसिएशनच्या सभासदांची सवलत बंद केली. त्या सवलतीत सगळी मिळून १३ तिकिटं विकली गेली होती. पण जॉर्जियाच्या विधिमंडळानं लगेच विमान इंधनावरची करसवलत विधेयकातून वगळली, ती प्रामुख्यानं डेल्टाला मिळणार होती. २०२१ मध्ये टेक्सासनं कायदा केला, की बंदूक उद्योगाशी भेदभाव करणाऱ्या बँकांशी सरकार मोठे करार करणार नाही. इथं ग्राहक कुठं राहिला? माझे शेजारी स्वतःचा गुडघा दुखवून चाळीस मिनिटं जातात. विधिमंडळ करदात्याच्या पैशानं धडा शिकवतं, त्यात माझाही पैसा असतो आणि शेजाऱ्यांचाही. बहिष्कार घालणाऱ्यानं झळ स्वतः सोसायची असते. बाबू गेनू सरकारी ट्रक घेऊन आले नव्हते.

मंचरहून दादाचा फोन येतो तेव्हा हे सगळं उलट्या बाजूनं अंगावर येतं. डिंभे धरणाचं पाणी आलं, ऊस आला, उसात बिबट्या आला. संध्याकाळी पोरांना अंगणात सोडवत नाही. दादा म्हणतो, "तुमच्याकडे माणूस दुकानात जातो न् बंदूक घेऊन येतो. आम्ही परवान्यासाठी कलेक्टर कचेरीत खेटे घालायचे." बिबट्याला कायद्याचं संरक्षण आहे, बंदूक मिळाली तरी तो प्रश्न सुटत नाही, हे मी सांगते. पण रात्री पाण्याची पाळी असलेल्या माणसाला हे पिट्सबर्गहून सांगणं सोपं आहे, याची मला जाणीव आहे. आणि दादाच पुढच्या वाक्यात म्हणतो, की बीड जिल्ह्यात हजाराच्या वर परवाने दिले गेले होते, त्यांचा गैरवापर कसा झाला ते आपण बघितलं.

शेजाऱ्यांनी मला एकदा गांधीजींचं वचन ऐकवलं होतं. इंग्रजांच्या दुष्कृत्यांत सगळ्या राष्ट्राला निःशस्त्र करणारा कायदा सर्वांत काळा ठरेल, अशा अर्थाचं. वचन खरं आहे. १८७८ च्या त्या शस्त्र कायद्यात हिंदी माणसाला परवाना लागायचा आणि युरोपियनांना सूट होती, त्यामुळे त्यातला अपमानही खरा. पण ते १९१८ मधलं, सैन्यभरतीच्या पत्रकातलं आहे, लोकांनी फौजेत नाव घालावं म्हणून लिहिलेलं, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, मग तर तुम्हाला आमचं म्हणणं जास्त कळायला हवं. स्वातंत्र्यानंतर आपण १९५९ मध्ये नवा कायदा केला तो आपण निवडून दिलेल्या माणसांनी केला, आणि त्यात चामडीच्या रंगावर सूट नव्हती, असं माझं उत्तर होतं. ते त्यांना पुरेसं वाटलं नाही.

२०२५ मध्ये आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर मे महिन्यात तुर्कस्तानची सफरचंदं घेऊ नका असं आलं, आणि ऑगस्टमध्ये अमेरिकेनं ५० टक्के आयातशुल्क लावल्यावर अमेरिकन शीतपेयं आणि बर्गर सोडा असं आलं. पुण्याच्या मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्यांनी सफरचंद खरंच बंद केली, स्वतःचा धंदा बुडवून. त्याला मी मान देते. पण त्याच गटावर दोन दिवसांनी एका चुलतभावानं विचारलं, अमक्या दुकानात अजून तो माल दिसतो, त्याचा फोटो टाकू का? मी लिहिलं, टाकू नकोस. तू तिथून घेऊ नकोस, एवढं पुरे. त्यावर कुणी काही बोललं नाही, पण फोटोही आला नाही.

पेनसिल्व्हेनियात रायफलीनं हरणाच्या शिकारीचा हंगाम पूर्वी थँक्सगिव्हिंग या नोव्हेंबरमधल्या सणानंतरच्या सोमवारी उघडायचा आणि कितीतरी शाळांना सुट्टी असायची. २०१९ पासून तो शनिवारी उघडतो. मुलीचे बूट आम्ही कुठून आणतो ते शेजाऱ्यांना माहीत आहे, पिशवीवर नाव असतंच. गेल्या हंगामातही पहिल्या आठवड्यात त्यांनी कागदात गुंडाळलेलं हरणाचं मांस दारात आणून दिलं, वर तारीख घालून. मी मंचरहून आलेल्या काळ्या मसाल्यात रस्सा केला आणि डबा भरून मुलीबरोबर कुंपणापलीकडे पाठवला.