सोमवारी रुसणारी गाडी

यंत्राला वार कळत नाही, असे मी शाळेत असल्यापासून समजत होतो. आमच्या गाडीने गेल्या वर्षी तो समज खोटा ठरवला. मंगळवारपासून शुक्रवारपर्यंत निमूटपणे चालू होणारी ही गाडी सोमवारी सकाळी किल्ली फिरवली की 'टक टक टक टक' एवढेच बोलू लागली, आणि तेही अशा सुरात, की जिभेने नापसंती दर्शवणारी एखादी आत्याच बॉनेटखाली बसली असावी.

या साऱ्याचे मूळ एका वायपरमध्ये आहे. काचेवर फराटे ओढणारे वायपरचे रबर मी स्वतः, घरच्या घरी, अवघ्या पाऊण तासात बदलले होते. हे काम दोन मिनिटांचे असते हे मला पुढे कळले, परंतु तोवर आपल्यात एक मेकॅनिक दडलेला आहे, या शोधाने मी इतका भारावून गेलो होतो, की त्याच आठवड्यात पाने, पकडी आणि सॉकेट यांची १०८ नगांची पेटी विकत आणली. पत्नीने पेटीकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि "जप सुरू करणार आहात का?" एवढेच विचारले. पेटी डिकीत आडवी मावेना, म्हणून मी ती उभी ठेवली आणि डिकी जरा जोर लावून बंद केली. त्यानंतरच्या सोमवारी गाडी पहिल्यांदा रुसली.

बंद पडलेल्या गाडीचे बॉनेट उघडले, की भोवती माणसे उगवतात. शेजारचे काका म्हणाले, "सेल्फ गेला." त्यांच्या मागे उभ्या असलेल्या गृहस्थांनी पेट्रोलमध्ये कचरा आल्याचे निदान केले. मी स्वतः काही न बोलता इंजिनकडे गंभीरपणे पाहत राहिलो, कारण तेवढेच मला येत होते. मात्र त्या रात्री मी नीट अभ्यास केला, आणि गाडी चालू न होण्याचेही प्रकार असतात हे मला उमगले. इंजिन जोमाने फिरते पण पेट घेत नाही, तेव्हा संशय इंधनावर किंवा ठिणगीवर घ्यावा. दिवे लख्ख आहेत आणि एकच जाड 'टक्' होऊन शांतता पसरते, तेव्हा स्टार्टरकडे, म्हणजे इंजिनला पहिला फेरा देणाऱ्या मोटरकडे (काकांचा 'सेल्फ' तो हाच), पाहावे. आणि आमच्यासारखी टकटक होऊन दिवेही मलूल होत असतील, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा तिची जोडणी सैल आहे, असे आधी धरून चालावे. स्टार्टरचा खटका ओढण्यापुरती ताकद बॅटरीत शिल्लक असते, पण स्टार्टर शेकडो अँपिअर मागू लागला, की तिचा विद्युतदाब कोसळतो, खटका सुटतो, सुटला की दाब पुन्हा वर येतो आणि खटका पुन्हा ओढला जातो. आत्याबाईंच्या टकटकीचे रहस्य हे असे होते.

काकांच्या गाडीची बॅटरी उसनी घेऊन आम्ही आमची गाडी चालू केली, पण त्यासाठी आधी पंधरा मिनिटे वाद घालावा लागला. लाल केबल दोन्ही बॅटऱ्यांच्या धन टोकांना, काळी केबल चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला आणि तिचे दुसरे टोक मात्र मेलेल्या बॅटरीला न लावता, बॅटरीपासून दूर, इंजिनच्या उघड्या धातूला लावायचे असते. बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो आणि शेवटची जोडणी करताना ठिणगी उडते. या दोघांची गाठ पडू नये, एवढाच त्यामागचा हेतू. "मी तीस वर्षं थेट बॅटरीलाच लावत आलोय, मला काय झालंय?" असे काकांनी विचारले. त्यांना काय झाले आहे हे सांगणे शेजारधर्माला धरून झाले नसते, म्हणून मी केवळ केबलचा चिमटा माझ्या हातात ठेवला.

पुढच्या रविवारी मी बॅटरीची टोके साफ करायला घेतली. त्यांच्यावर पांढरट-हिरवट बुरा धरला होता, आणि रोग सापडला या आनंदात मी स्वयंपाकघरातून खाण्याचा सोडा व न्हाणीघरातून एक दातांचा ब्रश उचलला. तो ब्रश जुना नव्हता, हा तपशील मला सायंकाळी समजला. सोड्याचे कोमट पाणी पडताच बुरा फसफसून विरघळू लागतो, ते दृश्य मोठे समाधान देणारे असते. तार काढताना ऋण टोक आधी सोडावे आणि जोडताना ते शेवटी जोडावे, कारण ऋण टोक गाडीच्या अंगाला जोडलेले असते, आणि ते तसेच ठेवून धन टोकाचा नट सोडवताना पाना चुकून पत्र्याला टेकला, तर त्या पान्याचे वेल्डिंगच्या कांडीत रूपांतर होते. मी हे सारे काटेकोरपणे पाळले. फक्त शेवटचा नट आवळताना दहा नंबरचा पाना हातून निसटला, तीन ठिकाणी ठणठण वाजला आणि इंजिनच्या गाभाऱ्यात अंतर्धान पावला. मी खालून पाहिले, वरून पाहिले, चुंबक दोरीला बांधून विहिरीत गळ सोडावा तसा सोडला. चुंबकाने वाटेत लागलेल्या प्रत्येक लोखंडी भागाला मिठी मारली, पाना तेवढा आला नाही. १०८ नगांची पेटी अशा रीतीने १०७ वर आली, आणि सोमवारी गाडी नेहमीप्रमाणे रुसली.

याच सुमारास मागच्या बाजूने खडखड असा आवाज येऊ लागला होता. एका वेळी एकच आजार असावा, असा काही नियम नाही, म्हणून मी दुसऱ्या आघाडीवरही मोहीम उघडली. शॉकअॅब्झॉर्बर तपासण्याची घरगुती रीत अशी, की गाडीचा कोपरा जोराने खाली दाबून सोडायचा. गाडी एकदा वर येऊन स्थिरावली तर ठीक, डोलतच राहिली तर शॉकअॅब्झॉर्बर थकलेला. हाताने पुरेसे दाबता येईना, म्हणून मी मागच्या बंपरवर अंगाचा सारा भार टाकून पाहिला. गाडी जागच्या जागी स्थिरावली. दोन गॅलऱ्यांमधून आमच्याकडे पाहणारी मंडळी मात्र बराच वेळ डोलत होती. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली शिरणे म्हणजे आत्महत्येचा खर्चिक प्रकार आहे, हे मी वाचलेले असल्यामुळे, गाडी न उचलता बाजूला पालथे पडून विजेरीने खाली पाहिले. तेथे एक ओला डाग दिसला आणि माझे काळीज हलले. तपकिरी-काळा असता तर इंजिन ऑइल, लालसर असता तर बहुधा ऑटोमॅटिक गिअरचे तेल, हिरवा किंवा गुलाबी आणि बोटांना चिकट असता तर इंजिन थंड ठेवणारे कूलंट. माझा डाग रंगहीन, वासहीन आणि निर्लेप होता. ते एसीतून ठिबकलेले पाणी होते. आजार नसल्याच्या आनंदात मी उठलो आणि डोके बंपरवर आपटले.

मग वीज मोजणारा मल्टिमीटर आला. भरलेली बॅटरी स्वस्थ असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, इंजिन चालू असताना आकडा साधारण १३.८ ते १४.४ च्या दरम्यान गेला, तर इंजिनच्या जोरावर वीज बनवणारा अल्टरनेटर तिला भरतो आहे असे समजावे, आणि इंजिन बंद असताना आकडा १२ च्या खाली उतरला, तर बॅटरी जवळपास रिकामी धरावी. माझ्याकडे शुक्रवारी रात्री १२.६, चालू इंजिनवर १४.२ आणि सोमवारी सकाळी ११.८. अल्टरनेटर निर्दोष सुटला. याचा अर्थ, शनिवार-रविवारी गाडी उभी असताना कोणीतरी चोरून वीज पीत होते.

असा चोर पकडण्यासाठी बॅटरीच्या ऋण टोकाची तार काढून टोक आणि तार यांच्यामध्ये मीटर जोडतात, गाडीतले लहानसहान संगणक झोपी जाईपर्यंत अर्धा तास थांबतात आणि किती प्रवाह वाहतो ते पाहतात. ५० मिलिअँपिअरपर्यंतचा प्रवाह सज्जन समजला जातो. (मीटर असा जोडलेला असताना किल्ली फिरवू नये, हे मला मीटरच्या जळलेल्या फ्यूजने शिकवले.) रविवारी मी डिकीतून पेटी काढली, शेजारी उघडून ठेवली, डिकी लावली, मीटर जोडला आणि वाट पाहिली. आकडा ३० मिलिअँपिअर! डॉक्टर दारात आले, की ताप उतरतो, तसलाच हा प्रकार. मी पेटी आवरून डिकीत ठेवली, आणि सोमवारी गाडीने पुन्हा टकटक केले.

पुढच्या रविवारी कंटाळा आला म्हणून मी पेटी काढलीच नाही, नुसता मीटर जोडला. आकडा ४५० मिलिअँपिअर. मी हर्षाने असा ओरडलो, की पत्नी धावत बाहेर आली, आणि चोर सापडल्याचे ऐकून पोलिसांना फोन करू का म्हणाली. दार उघडे राहिले तरी आतला दिवा लागू नये, म्हणून दाराचे बटण चिकटपट्टीने दाबून मी एकेक फ्यूज उपसू लागलो. सातवा फ्यूज निघताच आकडा झपकन ३० वर आला. तो फ्यूज आतल्या दिव्यांचा होता. पण आतले सारे दिवे तर विझलेले होते. मग मला न दिसणारा दिवा कोणता?

बंद डिकीतला दिवा खरोखर विझतो का, हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या अंगाने फार जुना असावा. आत बसून पाहायला आमचा मुलगा एका पायावर तयार होता, परंतु त्याच्या आईच्या नजरेने ती योजना जन्मण्याआधीच बारगळली. शेवटी फ्यूज परत बसवून मी मोबाइलवर चित्रण सुरू केले, तो आत ठेवला आणि डिकी लावली. चार मिनिटांच्या त्या चित्रपटात डिकीचे झाकण खाली येते, काळोख होत नाही, आणि दिव्याच्या पिवळ्या उजेडात, चौकटीच्या अगदी मध्यभागी, माझी १०८ नगांची पेटी उभी दिसते. तिची मूठ झाकणाला टेकलेली असते. त्या मुठीमुळे झाकण पहिल्या खटक्यावरच अडकत होते; डिकी लागल्यासारखी वाटायची, पण पूर्ण बसत नव्हती, म्हणून दिवा विझत नव्हता आणि झाकण रस्ताभर खडखडत होते. ५ वॅटचा तो क्षुद्र दिवा तासाला ०.४ अँपिअर-तास पितो. शुक्रवारची रात्र ते सोमवारची सकाळ या ६० तासांत २४-२५ अँपिअर-तास, म्हणजे आमच्या ४५ अँपिअर-तासांच्या वृद्ध बॅटरीचे अर्ध्याहून अधिक आयुष्य. इतर दिवशी एका रात्रीत ती १० देखील गमावत नसे आणि ते नुकसान दुसऱ्या दिवशीच्या फेऱ्यांत भरून निघे.

गाडी दुरुस्त करण्यासाठी आणलेल्या पेटीनेच गाडी बिघडवली होती, हे वाक्य मी घरात उच्चारले नाही. पेटी मी मुकाट्याने वर नेऊन माळ्यावर ठेवली, आणि व्यवस्थितपणाचा झटका आलेला असल्यामुळे डिकीत सुटी पडलेली चाकाच्या नटांच्या पान्याची दांडीही तिच्यात घातली. त्या सोमवारी गाडी पहिल्या प्रयत्नात चालू झाली.

बुधवारी घरापासून बरेच दूर असताना मागचे चाक बसले. जॅक लावण्याआधी, चाक जमिनीवर असतानाच नट थोडे सैल करून घ्यावेत, कारण चाक उचलल्यावर नटाबरोबर तेही फिरू लागते. हे ज्ञान माझ्यापाशी होते, स्टेपनीत हवा होती, जॅकही होता. पाना माळ्यावर होता. मी पत्नीला फोन केला. तिने सगळे शांतपणे ऐकून घेतले, काकांना गाडी काढायला सांगितले आणि मला म्हणाली, "अहो, येताना ती पेटी काकांच्या डिकीत ठेवू, की मांडीवरच घेऊन बसू?"