"तेवढा लाईट घालवून द्या"

डॅशबोर्डवर इशाऱ्याचा दिवा लागला की गॅरेजमध्ये सर्रास ऐकू येणारं वाक्य आहे हे. त्यावरचं उत्तरही ठरलेलं: "काही नाही, सेन्सरचं आहे, चालवा बिनधास्त." या दोन्ही वाक्यांची मला मनापासून चीड आहे. स्कॅनर लावून कोड, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा क्रमांक, पुसला की दिवा जातो, बिघाड जागच्या जागी राहतो. शिवाय कोड पडला त्या क्षणी इंजिन किती गरम होतं, आरपीएम किती होता, गाडी किती वेगात होती ही नोंदही त्याबरोबर पुसली जाते. अधूनमधून डोकं वर काढणारा बिघाड असेल तर तो शोधायला नेमकी हीच नोंद लागते. बॅटरीची वायर काढून परत लावायची युक्तीही बऱ्याच गाड्यांत हेच नुकसान करते.

दिवा लागला की आधी रंग बघा. लाल असेल तर सुरक्षित जागा बघून गाडी बाजूला घ्यायची. पिवळा असेल तर सहसा गाडी चालवता येते, पण तपासणी लांबणीवर टाकायची नाही.

लाल दिव्यांत मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते ती तेलाच्या झारीच्या चिन्हाची. पुष्कळांना वाटतं तेल थोडं कमी झालंय, संध्याकाळी भरू. पण हा दिवा सांगतो तेलाच्या दाबाबद्दल. क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनचा फिरणारा मुख्य दांडा, बेअरिंगमध्ये तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरत असतो. दाब गेला की तो थर जातो, धातूवर धातू घासायला लागतो आणि बघता बघता इंजिन जाम होऊ शकतं. तेव्हा "जवळच्या गॅरेजपर्यंत नेतो" हा विचारसुद्धा नको. इंजिन तिथल्या तिथे बंद करा. गाडी सपाट जागी असेल तर काही मिनिटं थांबा, तेल खाली उतरू द्या, डिपस्टिक (तेलाची पातळी बघायची पट्टी) काढून पुसा, परत पूर्ण आत घाला आणि मग पातळी बघा. कमी असेल तर योग्य ग्रेडचं तेल भरून इंजिन सुरू करा, आणि दिवा काही सेकंदांत गेला नाही तर लगेच बंद करा. पातळी ठीक असूनही दिवा लागला असेल तर चावी फिरवूच नका, टो करून न्या. दोष नुसत्या प्रेशर स्विचचाही (दाब ओळखून दिवा लावणाऱ्या स्विचचाही) असू शकतो, मान्य. पण ते दाब मोजायचं गेज लावल्याशिवाय कळत नाही, आणि रस्त्याच्या कडेला गेज कोणाकडे असतं?

तापमानाचा लाल दिवा लागला तरी थांबायचंच. थांबायला जागा मिळेपर्यंत एसी बंद करून हीटर पूर्ण चालू ठेवा, इंजिनची थोडी उष्णता तिकडून निघते. गरम रेडिएटरचं झाकण मात्र काही झालं तरी उघडू नका. आत दाबाखाली असलेलं कूलंट उसळून तोंडावर येतं.

बॅटरीच्या दिव्याचा अर्थ बहुधा चार्जिंग होत नाही असा असतो. लाल दिव्यांतला हा अपवाद: इथे इंजिन बंद केलं तर परत सुरू होईलच असं नाही, म्हणून एसी, म्युझिक बंद करून जवळचं गॅरेज गाठलेलं बरं. पण तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेवा. बऱ्याच गाड्यांत बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर आणि इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंप एकाच बेल्टवर चालतात. तो तुटला असेल तर काटा चढायला लागेल, मग मात्र थांबा.

ब्रेकचा लाल दिवा हँडब्रेक पूर्ण सोडल्यावरही राहिला तर ब्रेक ऑइल बघा. पेडल खाली जात असेल किंवा मऊ लागत असेल तर गाडी हलवायची नाही.

आता चेक इंजिनचा पिवळा दिवा. स्थिर असेल तर आधी पेट्रोलच्या टाकीचं झाकण नीट बसलंय का बघा, काही गाड्यांत तेवढंही पुरतं. पण लुकलुकत असेल तर पिवळ्याला लालच समजा. सिलिंडरमध्ये मिसफायर होतोय, म्हणजे पेट्रोल नीट पेटत नाही, न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जातंय आणि ते धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटून त्याला जाळतंय. एक्सलरेटरवरचा पाय काढा आणि बाजूला घ्या. साधा स्पार्क प्लग किंवा कॉइल बदलून भागणारं काम दुर्लक्षामुळे महागड्या कन्व्हर्टरवर जातं.

आणि "सेन्सरचं आहे" या उत्तराबद्दल. कोड लक्षण सांगतो, कोणता पार्ट बदला ते सांगत नाही. उदाहरणार्थ, पी०१७१ हा कोड म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त. कारण फाटलेला व्हॅक्युम पाइप असू शकतं, मळलेला एअरफ्लो सेन्सर असू शकतं किंवा दमलेला फ्युएल पंप. न तपासता ऑक्सिजन सेन्सर बदलला तर पैसे जातात आणि दिवा परत येतो. मेकॅनिकला इतकंच म्हणा: "कोड पुसायच्या आधी मला दाखवा." फोटो काढून ठेवा, आणि पार्ट बदलायचा असेल तर तोच का, हे विचारा. चांगला मेकॅनिक या प्रश्नावर चिडत नाही.

जुनी गाडी घ्यायला जाल तेव्हा इंजिन सुरू करण्याआधी नुसती चावी ऑन करून डॅशबोर्ड बघा. चेक इंजिन, एअरबॅग, एबीएस, ऑइल हे दिवे लागायला हवेत आणि इंजिन सुरू झाल्यावर जायला हवेत. यातला एखादा मुळात लागलाच नाही, तर कोणीतरी तो खरोखरच "घालवून" दिलेला असू शकतो. तपासून घेतल्याशिवाय व्यवहार करू नका.